सोयरीक आणि कूळ



कूळ, सोयरीक आणि लग्नसंबंध हा विषय कोणाला शिकवावा लागत नाही, हीच वक्त्याची मोठी अडचण आहे. या मंडपात बसलेल्या कोणत्याही आजीबाईला आमच्यापेक्षा अधिक नाती सांगता येतील. 'अमकीची नणंद जरूडला तमक्याच्या पुतण्याला दिली' हे वाक्य आपल्याकडची शाळकरी मुलगीही बिनचूक उलगडून दाखवते. परंतु जे न शिकता येते, ते तसे का आहे हे विचारायचे राहून जाते. तेवढेच आज विचारू, आणि त्यासाठी एक फेरी पॅसिफिक महासागरातील मेलानेशियाच्या बेटांपर्यंत करून पुन्हा आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी येऊ.

सुरुवात घरातल्या एका शब्दापासून करतो. वऱ्हाडात नवी सून सासऱ्याला 'मामाजी' म्हणते, देशावर 'मामंजी' म्हणते, आणि सासूला पुष्कळ घरी 'आत्याबाई' म्हणण्याची जुनी रीत आहे. आता मामा म्हणजे आईचा भाऊ आणि आत्या म्हणजे बापाची बहीण. मग नवऱ्याचा बाप हा आईचा भाऊ कसा झाला? मान देण्यासाठी तसे म्हणतात, असे उत्तर मिळते. मानच द्यायचा तर काका म्हणून का देऊ नये? मावशी म्हणून का देऊ नये? काका आणि मावशी ही काही हलकी नाती नव्हेत. तथापि जुन्या घरात सासऱ्याला काका म्हणण्याची रीत पडली नाही, आणि पडणे शक्यही नव्हते. काकाचा मुलगा तो भाऊ आणि मावशीचाही मुलगा भाऊच. भावाशी लग्न होत नाही. मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी मात्र होऊ शकते. मुलगी आतेभावाला दिली तर तिची सासू ही खरोखरीच तिची आत्या असते. मामेभावाला दिली तर सासरा हा तिचा सख्खा मामा असतो. आणि मामाजी व आत्याबाई हे जोडपे एकाच घरात नांदते ते केव्हा? पूर्वीच्या पिढीत साटेलोटे झाले असेल तेव्हा. बापाने आपली बहीण मेहुण्याला दिली आणि मेहुण्याची बहीण आपण केली, म्हणजे मुलीचा मामा हाच तिच्या आत्याचा नवरा झाला. घरी गेल्यावर कागदावर चार रेघा ओढून पाहा, लगेच पटेल.

म्हणजे आज ज्या सुनेचा सासऱ्याशी लग्नापूर्वी काडीचाही संबंध नव्हता, तीही त्याला मामा म्हणते. रीत गेली, शब्द राहिला. गावाची वेस पडून जाते, तरी त्या जागेला लोक वेसच म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

शब्दांवरून जुन्या रीती ओळखण्याची ही विद्या ज्यांनी पद्धतशीर मांडली त्यांत इंग्लंडमधील डॉ. रिव्हर्स यांचे नाव ठळक आहे. हे मूळचे वैद्यक शिकलेले. १८९८ साली केंब्रिज विद्यापीठाची एक मोहीम ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी यांच्यामधील टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर गेली, तीत हे होते. काम मुख्यतः दृष्टी, श्रवण यांच्या तपासणीचे होते. माणसांची आपसांतली नाती कळावीत म्हणून त्यांनी वंशावळी उतरून घ्यायला आरंभ केला आणि ते त्या वंशावळींतच गुंतले. त्यांची रीत अगदी साधी होती. काका, मामा, चुलतभाऊ हे शब्द त्यांनी वापरलेच नाहीत, कारण परक्या भाषेत त्यांचा अर्थ निराळा निघतो. बाप कोण, आई कोण, मुले किती, नवरा कोण, बायको कोण, एवढेच पाच प्रश्न ते विचारीत. नावे लिहून घेत. मग वंशावळीतल्या एकेका नावावर बोट ठेवून 'याला तू काय म्हणतोस?' असे पुसत. आपल्याकडे वह्या घेऊन येणारे भाट हेच काम पिढ्यान् पिढ्या करीत आले. फक्त शेवटचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

हेच रिव्हर्स १९०१-०२ मध्ये निलगिरीतल्या तोडा लोकांत राहून गेले. १९०७ साली त्यांनी हिंदुस्थानातील मामे-आतेभावंडांच्या विवाहावर एक निबंध लिहिला. पुढे १९०८ साली ते मेलानेशियात गेले आणि १९१४ साली त्या समाजाचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध केला. नात्याचे शब्द हे लग्नाच्या रीतींचे ठसे होत, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेतील क्रोबर या पंडिताने १९०९ सालीच उलट बाजू मांडली होती, की शब्द हे भाषेचे आणि मनाचे काम आहे, त्यावरून समाजाचे नियम काढू नयेत. आमचे मत विचाराल तर वकिली भाषेत सांगतो: शब्द हा साक्षीदार चांगला आहे, त्याच्या एकट्याच्या जबानीवर निकाल देऊ नये.

तेव्हा दुसरे साक्षीदार बोलावू.

बौधायनाच्या धर्मसूत्रात दक्षिणेकडील लोकांचे पाच आचार वेगळे म्हणून सांगितले आहेत, त्यांत मामाच्या मुलीशी आणि आत्याच्या मुलीशी लग्न करणे हे आहे. उत्तरेकडील लोकांचेही त्याने पाच आचार सांगितले आहेत, त्यांत लोकरीचा व्यापार, मद्यपान आणि समुद्रप्रवास आहेत. ज्या प्रदेशाचा जो आचार तो तिथे प्रमाण, दुसरीकडे केला तर दोष, असा त्याचा समजूतदार निवाडा आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही हा फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता.

दुसरा साक्षीदार तर आपल्या जिल्ह्यातला आहे. वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर ते हेच, असे आपण मानतो. रुक्मिणीहरणाची कथा सगळ्यांना पाठ आहे. पुढची कथा थोड्यांना ठाऊक असते. ज्या रुक्मीने बहिणीच्या लग्नापायी कृष्णाशी वैर घेतले, त्यानेच आपली मुलगी रुक्मवती बहिणीच्या मुलाला, प्रद्युम्नाला दिली. त्याच्यावर ताण म्हणजे आपली नात रोचना ही बहिणीच्या नातवाला, अनिरुद्धाला दिली. प्रद्युम्नाने मामाची मुलगी केली आणि अनिरुद्धाने आपल्या मामाची मुलगी केली. भागवतकाराला हे थोडे खटकलेले दिसते, कारण हा संबंध धर्माला धरून नाही हे कळत असूनही रुक्मीने बहिणीच्या मायेपोटी तो केला, असे तो म्हणतो. ही नापसंती आमच्या मते मोलाची आहे. एकीकडे शास्त्र आहे, दुसरीकडे विदर्भाच्या घराण्याची रीत आहे, आणि कथाकाराला दोन्ही सांभाळायची आहेत. अर्जुनाने सुभद्रा केली तीही मामाचीच मुलगी होती, कुंती ही वसुदेवाची बहीण.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील नातेसंबंधांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात देशाचे नात्यांच्या दृष्टीने विभाग पाडले आहेत. उत्तरेत मुलगी परक्या घरी, शक्य तो दूर द्यायची; मामाची मुलगी ती बहीण, तिच्याशी लग्नाची गोष्टही काढायची नाही. दक्षिणेत मुलगी ओळखीच्या घरी, नात्यात द्यायची. कन्नडमध्ये 'अत्ते' म्हणजे आत्याही आणि सासूही. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो. आपण दक्षिणेची रीत घेतली ती अर्धीच. मामाची मुलगी चालते, पुष्कळ ठिकाणी ती हक्काची मानतात. आत्याची मुलगी मात्र मराठ्यांत आणि कुणब्यांत सामान्यतः करीत नाहीत. ब्राह्मणांतही देशस्थांत मामाची मुलगी चालते, कोकणस्थांत चालत नाही.

हे अर्धेच का घेतले? मामाची मुलगी करा किंवा आत्याची करा, रक्ताचे अंतर तेवढेच. मग एकीला आमंत्रण आणि दुसरीला मज्जाव का? उत्तर मानपानात आहे. आपल्याकडे मुलगी देणारा खाली आणि घेणारा वर. व्याह्याच्या पंगतीत मुलीच्या बापाचे आसन कुठे असते ते पाहा. ज्या घरी आत्या दिली, त्याच घरी भाची दिली, तर देणारे देणारेच राहतात आणि घेणारे घेणारेच. पाणी उताराने वाहत राहते. परंतु आत्याची मुलगी भावाच्या घरी सून म्हणून आली, तर काल ज्यांच्यापुढे वाकलो तेच आज आपल्यापुढे वाकणार! सगळा मानपान उलटा होतो. दिलेली वेल परत फिरू नये, असे जुनी माणसे म्हणत, त्यातले मर्म हे.

परंतु मानपान हा वरचा पापुद्रा झाला. त्याखाली आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे भावाकडून बहिणीचे येणे. आम्हांला आजच्या विषयात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे शेत बापाकडून मुलाकडे जाते. बहीण त्याच शेतात निंदली, तिने कापूस वेचला, संत्र्याच्या आळ्यांना पाणी घातले, आणि अठराव्या वर्षी निघून गेली. तिच्या वाट्याचे काय? तर भाऊबीज, दिवाळीचे माहेरपण, पहिले बाळंतपण, चोळी-बांगडी. भाच्याचे जावळ मामाच्या मांडीवर काढायचे. भाचीच्या लग्नात तिला मंडपात मामाने आणायचे. हे सारे आपण प्रेमाचे म्हणतो, आणि ते प्रेमाचे आहेही. तरी हिशेबाने पाहिले तर जमिनीच्या न दिलेल्या वाट्याचे हे हप्ते आहेत. आणि मामाने आपली मुलगी भाच्याला दिली, की बहिणीच्या पदरी मोठा हप्ता पडला. तिच्या म्हातारपणी तिच्या माहेरचेच माणूस तिच्या चुलीपाशी आले.

आता मेलानेशियात चला. न्यू गिनीच्या पूर्वेला ट्रोब्रिअंड नावाची बेटे आहेत. आज ती पापुआ न्यू गिनी या देशात मोडतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ ते १९१८ च्या दरम्यान, मॅलिनोव्स्की नावाचा पोलिश विद्वान तेथे दोन खेपांना मिळून सुमारे दोन वर्षे राहिला, त्यांची भाषा शिकला, त्यांच्या गावात तंबू ठोकून बसला. त्याने पाहिलेली व्यवस्था आपल्याला उलट्या आरशासारखी वाटेल.

तेथे कूळ आईकडून चालते. मलासी, लुकुबा, लुकवासिसिगा, लुकुलाबुता अशी चार मोठी कुळे. मूल आईच्या कुळाचे. बाप हा आईचा नवरा, प्रेमळ, मुलाला खांद्यावर घेऊन हिंडणारा. परंतु कुळाने परका. मूल पोटी येते ते आईच्या पूर्वजांच्या आत्म्यामुळे, बापाचा त्यात रक्ताने संबंध नाही, असा त्यांचा समज मॅलिनोव्स्कीने नोंदवला आहे. जमीन, मंत्र, मान हे मुलाला मिळतात ते मामाकडून. माणसाचा वारस त्याचा मुलगा नव्हे, भाचा! तरीही बायको राहायला जाते ती नवऱ्याच्या गावी. म्हणजे मूल वाढते बापाच्या गावात आणि त्याचा हक्क असतो मामाच्या गावात.

मग बहिणीचे येणे तिथे कसे फेडतात? तेथे मुख्य पीक याम या कंदाचे, आपल्या कोनफळाच्या जातीचे. दर हंगामाला भाऊ शेतातले उत्तम कंद निवडतो, त्यांची रास रचून लोकांना दाखवतो, आणि वाजतगाजत बहिणीच्या नवऱ्याच्या गावी नेऊन त्याच्या कणगीत भरतो. याला उरिगुबु म्हणतात. एकदा नव्हे, दरवर्षी. आणि गंमत पाहा, याच समाजात भाऊ-बहिणीने वयात आल्यावर एकमेकांपासून फार जपून राहायचे असते. बहिणीच्या प्रेमप्रकरणाची गोष्ट भावासमोर काढणे म्हणजे मोठा अपमान. बोलायचे नाही, परंतु जन्मभर पोसायचे. आपला भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, कारण जमीन त्याने ठेवून घेतली. तिथला भाऊ कंद पोचवतो, कारण जमीन तिच्याच कुळाची आणि उद्याचा वारस तिच्याच पोटचा. कारणे उलटी असली तरी भावाच्या डोक्यावरची पाटी दोन्हीकडे आहे.

आता तिथल्या बापाची अडचण पाहा. त्याचा जीव आपल्या मुलावर, आणि हक्क भाच्याचा. मुलगा मोठा झाला की भाचे म्हणणार, आता तू आपल्या मामाच्या गावी चालता हो. मुखिया मोठा असेल तर हे भांडण विकोपाला जाई. त्यावर तोड काय? बापाने आपल्या बहिणीची मुलगी मुलाला करून द्यावी. ती मुलगी त्या गावच्या कुळाची, तिचा हक्क तिथलाच. तिच्या आधाराने मुलगा बापाजवळ राहू शकतो. म्हणजे तेथे श्रेष्ठ लग्न कोणते? आत्याच्या मुलीशी! आपल्याकडे जी वेल परत फिरवायची नाही, ती तेथे मुद्दाम परत फिरवतात. पुढे इतर अभ्यासकांनी मोजणी केली तेव्हा अशी सख्ख्या आत्याच्या मुलीची लग्ने प्रत्यक्षात थोडीच आढळली. उत्तम म्हणून जे सांगितले जाते आणि घरोघर जे घडते त्यांत अंतर असायचेच. आपल्या पत्रिका जुळवण्याचेही तसेच आहे.

मॅलिनोव्स्कीच्या नजरेतून एक गोष्ट निसटली होती. १९७१ पासून ॲनेट वायनर या अमेरिकन बाई त्याच बेटांवर गेल्या आणि १९७६ साली त्यांनी ग्रंथ लिहिला. कोणी मेले की दुखवट्यानंतर तेथील बायका केळीच्या पानांच्या जुड्या आणि रंगवलेले तंतूंचे घागरे यांचे मोठे वाटप करतात. हे धन बायकांचे. आपल्या कुळाचा मान त्याने राखायचा. जुड्या कमी पडल्या तर त्या मिळवून देणे हे नवऱ्याचे काम, कारण इतकी वर्षे मेहुण्याने आणलेले कंद त्याने खाल्ले! इथे हिशेब पुरा होतो. पुरुष अभ्यासकाला पानांच्या जुड्यांत मोल दिसले नाही. बाई गेल्या तेव्हा दिसले. आपल्या घरच्या रुखवताकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, असे आमच्या मनात ते वाचताना आले.

बेटांवरून आता घरी परतू. घरी म्हणजे आपल्या पाठीमागच्या डोंगरात. कारण वेल परत फिरवणारे लोक पाहायला समुद्र ओलांडायची गरज नाही. आपल्या तालुक्यात आणि शेजारच्या बैतूल, छिंदवाड्यात गोंड लोक आहेत. गोंडांत देवांच्या संख्येवरून गट पडतात: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. आदिलाबादच्या राजगोंडांत हैमेंडॉर्फ यांनी या गटांचा, म्हणजे सगांचा, तपशिलाने अभ्यास केला. सारख्या संख्येचे देव पुजणारे ते भाऊ; सहा देव्याने सहा देव्याची मुलगी करायची नाही, मग आडनाव कितीही निराळे असो. किंगरी वाजवून परधान यजमान गोंडाला त्याच्या कुळाची कथा ऐकवतो. भाटाची वही असते, परधानाची तंतुवाद्यावरची आठवण.

याच गोंडांत मामे-आतेभावंडांच्या लग्नाला 'दूध लौटावा' असे म्हणतात, दूध परत करणे. एका घराने मुलगी दिली, तिच्या दुधावर दुसऱ्या घराचा वंश वाढला. पुढल्या पिढीत त्या घराने मुलगी देऊन ते दूध फेडायचे. आमच्या कानाला हा शब्द फार गोड वाटतो. कुणब्याच्या घरी जे चालत नाही ते गोंडाच्या घरी कर्तव्य ठरते. दोघांच्या शेतांचा बांध एक असेल तरीही. कारण गोंडांच्या जुन्या रीतीत मुलगी देणारा खाली नव्हता. हुंडा नव्हता, देज होते. मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला द्यायचे. जिथे देणाऱ्याची मान खाली नाही, तिथे वेल कुठूनही फिरली तरी कोणाचा अपमान होत नाही.

मोर्शी, अचलपूर ओलांडून चिखलदऱ्याचा घाट चढलो की मेळघाटात कोरकू लोक भेटतात. यांची भाषा मराठीच्या गोतातली नाही आणि गोंडीच्याही नाही. छोटा नागपूरकडच्या मुंडा भाषांची ही सर्वांत पश्चिमेकडची शाखा, शेकडो मैल दूर पडलेली बहीण. यांची कुळे झाडापानांची. सागाच्या पानाचे कूळ आहे, जांभळीचे आहे. लढाईतून पळताना पूर्वज ज्या झाडाआड लपले त्याचे नाव कुळाला पडले, अशी कथा रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात येते. एका कुळात लग्न नाही. हसू नका, लग्नाच्या आदल्या दिवशी मराठ्यांच्या घरी देवक बसवतात ते कशाचे असते? कळंबाची डहाळी, पंचपालवी, मोराचे पीस. एका देवकाची दोन घरे सोयरीक करीत नाहीत. ब्राह्मणाचे गोत्र ऋषीच्या नावाचे, मराठ्याचे देवक झाडाचे, कोरकूचे कूळ झाडाचे. काम तिघांचे एकच, भाऊ कोण आणि सोयरा कोण हे ठरवणे.

कोरकूंच्या मागणीची रीतही ऐकण्यासारखी आहे. मुलाकडून वडीलधारे मागणी घालायला जातात. मुलीच्या बापाने पहिल्या खेपेला नाही म्हणायचे, दुसऱ्या खेपेलाही नाही म्हणायचे. महिने जातात, कधी वर्षही जाते. मुलगी म्हणजे कामाचे दोन हात. त्या हातांची किंमत कळल्याशिवाय ते जाऊ देणे शोभत नाही. मग पंचांत देज ठरते. ज्याच्या घरी देज द्यायची ऐपत नाही त्याने काय करावे? लमझना व्हावे. मुलीच्या घरी राहून काही वर्षे सासऱ्याची शेती करायची, लाकडे तोडायची, गुरे राखायची. श्रमाने देज फेडायचे. गोंडांतही हीच रीत लमसेना या नावाने आहे. आपल्याकडे घरजावयाची जी थट्टा होते ती येथे लागू नाही. हा माणूस फुकटचा खाणारा नव्हे. तो कर्ज फेडतो आहे.

आणि मेल्यावर प्रत्येकाचे कूळ पुन्हा पक्के होते. कोरकू मृताच्या नावे सागाची कोरीव फळी उभी करतात, तिला मुंडा म्हणतात; तिच्यावर सूर्य, चंद्र कोरलेले असतात. तो विधी होईपर्यंत मृतात्मा पूर्वजांत मिसळत नाही.

इतके दिवस हा हिशेब ज्याचा त्याचा समाज ठेवीत होता. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत सरकारी कायदा त्यात उतरला आहे. १९४६ सालच्या कायद्याने सगोत्र विवाहाची अडचण दूर झाली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने बापाकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांच्या आत लग्न नको असे ठरवले. परंतु रूढी असेल तर सूट ठेवली, म्हणून मामाची मुलगी कायद्यातही मामाच्या भाच्यालाच राहिली. बौधायन असता तर त्याने मान डोलावली असती. येथे डॉक्टरांचे एक म्हणणे सांगून टाकतो. जवळच्या नात्यात काही आनुवंशिक आजार पुढे येण्याचा संभव वाढतो. विदर्भात सिकलसेल आहे, आदिवासींत आहे आणि इतर समाजांतही आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला तो आजार होण्याचा संभव चारात एक. वाहक हा स्वतः धडधाकट दिसतो. रक्ताची तपासणी सोयरीक ठरण्यापूर्वी व्हावी, मंडप पडल्यावर नव्हे.

खरी उलथापालथ झाली ती जमिनीच्या बाबतीत. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. म्हणजे भाऊबीज हा ज्या वाट्याचा हप्ता होता, तो वाटाच आता हातात आला. आला का? तहसील कचेरीत जा. बाप गेल्यावर बहिणींना बोलावणे जाते ते हक्कसोडपत्रावर सही करायला. बहीण सही करते. तिला कायदा कळत नाही म्हणून करते असे समजू नका. पुष्कळदा पुरता कळतो. सही केली नाही तर दिवाळीला माहेर राहणार नाही, हे तिला त्याहून अधिक कळते. शेताचा तुकडा की भावाचा उंबरठा, अशी निवड तिच्यापुढे आपण ठेवतो आणि सही झाल्यावर साडी-चोळी करतो. भावांनो, तुमच्या मुलीही उद्या कोणाच्या तरी बहिणी म्हणून त्याच कचेरीत उभ्या राहणार आहेत.

आदिवासी मुलीची गोष्ट निराळी. १९५५ चा विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाहीत, तसे त्यांतच लिहिले आहे. हेतू चांगला होता, त्यांच्या रूढी त्यांच्यापाशी राहाव्यात. परंतु रूढी कोणती, हे सांगायला कोर्टात उभे राहतात ते बहुधा घरातले पुरुष. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे छत्तीसगडमधील एका गोंड घरातला खटला आला. मुलीच्या वारसांनी आजोबांच्या मिळकतीत वाटा मागितला होता. मुलीला वाटा न देण्याची रूढी होती असे कोणी सिद्ध केले नव्हते. खालच्या कोर्टांनी मात्र वाटा मिळण्याची रूढी तुम्हीच दाखवा, असे मुलीच्या वारसांना म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो वाटा मान्य केला.

मेळघाटात २००६ च्या वनहक्क कायद्याने जे पट्टे मिळतात, त्यांवर लग्न झालेल्या माणसाच्या नावाबरोबर बायकोचेही नाव लागते; तसे कायद्याचे कलमच आहे. आता लमझना म्हणून आलेल्या जावयाचे घर डोळ्यांसमोर आणा. मुलगी बापाच्याच घरी राहिली. जमीन तिने आणि तिच्या नवऱ्याने कसली. बाप आणि आई दोघांच्या नावाचा पट्टा पेटीत आहे. उद्या ते दोघे गेले तर धाकटा भाऊ, जो परतवाड्याला मजुरीला गेला आहे, तो म्हणेल जमीन कुळाची, म्हणजे माझी. जावई म्हणेल, माझे देज मी या मातीत फेडले. आणि ती मुलगी काय म्हणेल, हे तिला अजून कोणी विचारलेले नाही.